अवघड डिलिव्हरीनंतर आयांसाठी असलेलं ऑनलाईन काउन्सेलिंग घेतलं, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

प्रेग्नन्सी किंवा डिलिव्हरी अवघड गेलेल्या बायकांसाठी ऑनलाईन काउन्सेलिंग प्रोग्रॅम असतात, त्यातला एक मी पूर्ण केला, त्याचा हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम टाकत नाहीये. अशा सर्व्हिसेस आता बऱ्याच आहेत, आणि आत नक्की काय होतं, काय विचारतात, कुठे कमी पडतात हे कळलं तर कुठलीही सर्व्हिस तुम्ही स्वतःच पारखू शकाल. लांबलचक झालंय, पण जिला गरज आहे ती वाचेल.

आधी माझी केस थोडक्यात, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. आठव्या महिन्यात बीपी वाढलं, पायावर सूज, डोळ्यांसमोर चमकल्यासारखं व्हायला लागलं, तपासलं तर प्रीएक्लॅम्प्सिया. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० च्या वर जातं आणि सोबत लघवीतून प्रोटीन जायला लागतं नाहीतर लिव्हर, किडनी, प्लेटलेट्स यांच्यावर परिणाम दिसतो, तो हा आजार. माझं तर १६० च्या पुढे गेलं, प्लेटलेट्स उतरल्या, घाईघाईत सिझेरियन, बाळ ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलं म्हणून थेट एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत. आज आम्ही दोघंही बरे आहोत. आणि गंमत नाही, त्रास तिथूनच सुरू होतो, कारण "दोघंही सुखरूप ना, मग झालं तर" म्हटलं की घरच्यांसाठी, डॉक्टरांसाठी, सगळ्यांसाठीच विषय संपतो. माझा संपला नव्हता. बाळ शांत झोपलेलं असलं तरी श्वास चालू आहे ना बघायला मी रात्री उठून उठून बसायचे, कुठलंही मशीन बीप झालं, अगदी वॉशिंग मशीन सुद्धा, तरी छातीत धस्स व्हायचं आणि हात गार पडायचे, कारण एनआयसीयूतला अलार्म डोक्यातून गेलाच नव्हता. सगळे सांगायचे खंबीर रहा, बाळाकडे बघ आणि विसर. खंबीर म्हणजे नेमकं काय करायचं हे मात्र कोणीच सांगत नाही, ते या प्रोग्रॅममध्ये पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं, म्हणून हा रिव्ह्यू लिहावासा वाटला.

सुरुवात प्रश्नावलीने होते. एडिनबरा पोस्टनेटल डिप्रेशन स्केल, १९८७ पासून वापरात आहे, जगभर चालते, १० प्रश्न, मागच्या ७ दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात, प्रत्येक उत्तराला ० ते ३ मार्क, एकूण ३०. यात मला आवडलं ते हे की झोप येत नाही, थकवा आहे असल्या गोष्टींवर ती फार अवलंबून नाही, कारण तान्ह्या बाळाची कुठली आई थकलेली नसते? त्याऐवजी विचारतात की हसू येतं का, पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, काही बिघडलं की उगाच स्वतःला दोष देता का, कारण नसताना घाबरायला होतं का. शेवटचा, दहावा प्रश्न स्वतःला इजा करावी असं वाटण्याबद्दल असतो आणि त्यावर शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर बाकीचा स्कोअर कितीही कमी असो, माणसाने लगेच तुमच्याशी बोलायलाच हवं. हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, आणि ग्रुपमधल्या एकीला त्यावरून खरोखर त्याच दिवशी फोन गेला. फॉर्म भरून घेतला आणि कुठेतरी फाईलला लावून ठेवला असा प्रकार नव्हता, याचे पूर्ण मार्क. आणि हा स्कोअर म्हणजे निदान नाही, पुढे तज्ज्ञांनी बोलून ठरवायचं असतं, हेही स्पष्ट सांगतात.

पण माझा स्कोअर मधलाच आला, म्हणजे फार वाईट नाही, आणि दुसऱ्या एखाद्या ठिकाणी मला "तुम्ही ठीक आहात" म्हणून घरी पाठवलं असतं. कारण ती प्रश्नावली मुख्यतः डिप्रेशन पकडते, थोडी अँक्झायटी पकडते, पण डिलिव्हरीचा धसका बसलाय का हे तिला नीट सापडत नाही. इथे त्यांनी त्यासाठी वेगळी प्रश्नावली दिली, सिटी बर्थ ट्रॉमा स्केल, ती बरीच अलीकडची आहे, २०१८ ची, आणि तिथे माझं सगळं बाहेर आलं. डिलिव्हरीची दृश्यं अचानक डोळ्यांसमोर येणं, हॉस्पिटलचा रस्ता टाळणं, सतत सावध राहणं, दचकणं. पहिल्या एक दोन आठवड्यांत रडू येणं, मन हळवं होणं हे बहुतेक बायकांना होतं आणि आपोआप ओसरतं, पण ही लक्षणं महिन्याच्या वर टिकली तर त्याकडे पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस म्हणून बघावं लागतं, हे तेव्हा कळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार बाळंत झालेल्या बायकांपैकी साधारण १३ टक्के जणींना मानसिक आजार होतो, मुख्यतः डिप्रेशन, आणि विकसनशील देशांत हे प्रमाण आणखी जास्त आहे. म्हणजे हे काही जगावेगळं नाही, तरी प्रत्येकीला वाटतं आपणच कमकुवत.

आता ज्याच्यासाठी खास लिहितेय तो भाग. पहिल्याच कॉलवर काउन्सेलर मॅडमनी सांगितलं की आज तुम्ही मला डिलिव्हरीची सगळी गोष्ट सांगायची नाही, ती आपण नंतर, हळूहळू घेऊ. मला तेव्हा जरा विचित्र वाटलं, मग कशाला आलेय मी? नंतर कळलं की एकाच बैठकीत सगळा प्रसंग पुन्हा जगायला लावायचा हा प्रकार ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या गाईडलाईनमध्ये स्पष्ट नको म्हटलेला आहे. म्हणून आधी काही सेशन नुसतं श्वास, झोप, घरात कोण काय करतं, तुम्हाला सलग झोप कधी मिळते, कोणाशी बोलता येतं, यावरच गेले. सलग झोपेचा विषय तर त्यांनी लावूनच धरला, माझ्या नवऱ्याला कॉलवर घेऊन रात्रीची वाटणी करायला लावली, पहाटेपर्यंत तो बघणार, नंतर मी, कागदावर लिहून घेतलं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण धीर वगैरे जो काही असतो तो झोप झालेल्या माणसाला येतो, हे मी अनुभवाने सांगते.

मग टाईमलाईनचे सेशन. स्क्रीनवर कोरा कागद, मधून एक आडवी रेघ, डाव्या टोकाला "हॉस्पिटलला पोचले", उजव्या टोकाला "बाळाला घेऊन घरी". रेघेच्या वर मला आठवतंय ते लिहायचं, खाली डिस्चार्ज कार्डात आणि केसपेपरमध्ये काय लिहिलंय ते. वर माझं काय काय होतं, तर अंगात भट्टी पेटल्यासारखी आग, कोणीतरी सारखं येऊन गुडघ्यावर हातोडी मारतंय, मी "नको" म्हणतेय आणि कोणी ऐकत नाहीये. हातोडीचं ते दृश्य मला सगळ्यात जास्त छळायचं, मी एक वस्तू आहे आणि लोक येऊन ठोकून बघतायत असं काहीतरी. खाली केसपेपरमध्ये लिहिलं होतं मॅग्नेशियम सल्फेट सुरू, रिफ्लेक्स तपासले, पुन्हा तपासले, दर तासाची नोंद. मॅडम म्हणाल्या, हे मेडिकल आहे, मी यावर अंदाजाने बोलणार नाही, आणि तिथे एक रिकामा चौकोन काढून त्यात प्रश्नचिन्ह टाकलं, म्हणाल्या पुढच्या तपासणीला तुमच्या डॉक्टरांना विचारून या. विचारलं. डॉक्टरांनी उभ्या उभ्या सांगितलं की प्रीएक्लॅम्प्सियात फिट येऊ नये म्हणून ते औषध देतात, त्याने अंगात आग होते, घाम येतो, हे अपेक्षितच असतं, आणि औषध शरीरात जास्त झालं तर आधी गुडघ्याचा झटका नाहीसा होतो आणि त्याच्या पुढे श्वासाला धोका असतो, म्हणून सिस्टर सतत हातोडीने बघत असतात.

म्हणजे ती सिस्टर रात्रभर माझ्यावर पहारा देत होती! तेच दृश्य, तोच गुडघा, पण त्या दिवसानंतर त्याचा अर्थच पालटला. दृश्य अजूनही येतं कधीकधी, पण त्यात आता कोणीतरी माझी काळजी घेतंय. त्या वेळी एका वाक्यात कोणी सांगितलं असतं तर इतके महिने मी ते ओझं वाहिलं नसतं, आणि हे सगळ्या लेबर रूममध्ये काम करणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे, तुम्ही हाताने जे करताय ते तोंडाने सांगत चला, बाई गुंगीत असली तरी.

रेघेवर अजून एक मोठी रिकामी जागा होती, प्रत्यक्ष जन्माची. प्लेटलेट्स कमी होत्या म्हणून मणक्यातलं इंजेक्शन न देता पूर्ण भूल दिली होती, त्यामुळे बाळ जन्मलं तेव्हा मी नव्हतेच असं मला वाटायचं. तिथे खाली कार्डात एक ओळ होती, जन्मल्याबरोबर रडलं. आणि जोडीदाराच्या सेशनमध्ये नवरा पहिल्यांदा बोलला की तो बाहेर पॅसेजमध्ये सह्या करून उभा होता, दार उघडलं तेव्हा आतून रडण्याचा आवाज आला आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. घरात इतके महिने एकत्र राहून हे त्याने मला सांगितलं नव्हतं, का तर मला त्रास होईल म्हणून. ते वाक्य आम्ही त्या जागेत लिहिलं. बापालाही धसका बसतो, बाळ झाल्यावर बापालाही डिप्रेशन येऊ शकतं, यावर प्रोग्रॅममध्ये जेमतेम एकच सेशन आहे, ते फार कमी आहे. अजून हवेत.

रेझिलियन्स, म्हणजे धीर, मोजायची पण एक प्रश्नावली देतात, कॉनर डेव्हिडसन स्केल, २००३ ची, २५ प्रश्न, १०० पैकी स्कोअर, सुरुवातीला आणि शेवटी. हे मला फारसं पटलं नाही. आधीच आपण कमी पडलो असं वाटत असलेल्या बाईच्या हातात धीराचे मार्क द्यायचे म्हणजे काय? माझा स्कोअर नंतर वाढला, पण तो बघून काही वाटलं नाही, रात्री सलग झोपले तेव्हा जास्त वाटलं. त्यांच्या संशोधनासाठी लागत असेल तर त्यांनी ठेवावा, आईला दाखवायची गरज नाही.

पण त्याच सेशनमध्ये सांगितलेली काउआईची हकीगत मात्र डोक्यात पक्की बसली. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी पुढे कित्येक दशकं मागोवा घेतला. ज्यांच्या वाट्याला गरिबी, जन्माच्या वेळची गुंतागुंत, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार असं बरंच काही एकदम आलं होतं, त्यातलीसुद्धा साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, सक्षम माणसं म्हणून मोठी झाली. त्यांच्यात सारखं काय होतं, तर निदान एक तरी भरवशाचं, मायेचं माणूस, मग ते आई, आजी, शेजारीण कोणीही. आणि जी मुलं वयात येताना वाट चुकली होती त्यातलीही पुष्कळ तिशी चाळिशीपर्यंत सावरली. जन्माच्या वेळच्या गुंतागुंतीचा परिणाम पुढे वाढवणूक कशी होते यावर फार अवलंबून असतो, हे ऐकून प्रीटर्म बाळाची आई म्हणून मला किती हलकं वाटलं ते शब्दात सांगता येणार नाही. आणि दुसरं म्हणजे, धीर हा जन्मजात गुण असतो आणि तो माझ्यात नाही ही जी समजूत होती ती गेली. धीर माणसांतून येतो, झोपेतून येतो, खरं काय घडलं ते कळण्यातून येतो, हे सगळं मिळवता येतं आणि मागताही येतं. मी मागायला शिकले.

ग्रुप सेशनबद्दल. छोटा ग्रुप, कॅमेरा बंद ठेवायला परवानगी, हे चांगलं. एकीला डिलिव्हरीनंतर प्रचंड रक्तस्राव झाला होता, एकीला हेल्प सिंड्रोम, म्हणजे लाल पेशी फुटतात, लिव्हरचे एन्झाइम वाढतात, प्लेटलेट्स कोसळतात, एकीला पूर्ण नऊ महिने उलट्या, हॉस्पिटलच्या फेऱ्या, आणि तिला सगळे म्हणायचे उलट्या तर सगळ्यांनाच होतात. ती एकदा म्हणाली, "माझ्या शरीराचा मला भरवसाच राहिला नाही गं," आणि बाकीच्या सगळ्या गप्प, कारण प्रत्येकीचं तेच होतं. असं वाक्य घरी बोललं तर लगेच कोणीतरी समजूत घालायला येतं, इथे कोणी घातली नाही, नुसतं ऐकलं, आणि तेच हवं होतं.

पण याच ग्रुपमध्ये एक मोठी चूक झाली आणि ती मी लपवणार नाही. जिचं बाळ गेलं होतं अशा एका आईला त्यांनी आमच्याच ग्रुपमध्ये टाकलं. आम्ही एनआयसीयूतून बाळ घरी आल्याच्या गोष्टी सांगतोय, कोणाच्या तरी मांडीवर बाळ कुरकुरतंय, आणि ती ऐकतेय. दुसऱ्या सेशनला ती मध्येच निघून गेली. नंतर तिला वेगळ्या ग्रुपमध्ये घेतलं, माफीही मागितली, तरी हे मुळात व्हायलाच नको होतं. नाव नोंदवतानाच फॉर्ममध्ये एक प्रश्न हवा होता. बाळ गमावलेल्या आईचं दुःख हा वेगळा विषय आहे, त्याला वेगळी जागा, वेगळे शिकलेले काउन्सेलर लागतात. मला आजही तिची आठवण आली की पोटात कालवतं.

एक चांगलं सांगते. काही काउन्सेलर "या अनुभवाने तुम्ही किती मोठ्या झालात" असं तुमच्या तोंडून वदवून घ्यायच्या मागे लागतात. संकटानंतर काही लोकांना आयुष्याची नवी किंमत कळते, त्यावर १९९० च्या दशकापासून अभ्यासही झालाय, पण ते प्रत्येकीला झालंच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. आमच्या मॅडमनी कधीच केली नाही. एकीने सरळ सांगितलं की मी काही मोठी बिठी झाले नाही, मला हे घडायलाच नको होतं, तर मॅडम म्हणाल्या बरोबर आहे. एवढंच. पुढे जाऊ.

अॅप सोबत येतं, त्यात श्वासाचे ऑडिओ छान आहेत, मूडची डायरी ठीक, पण नोटिफिकेशन नको त्या वेळी येतात, तेही बीप करून! अलार्मला दचकणाऱ्या बायकांच्या अॅपमध्ये डिफॉल्ट आवाज बीपचा ठेवणाऱ्याने एकदा तरी वापरणारीला विचारायला हवं होतं. मी तो बंद केला, तुम्हीही पहिल्या दिवशी करा.

बाळाशी नातं जुळत नाही या अपराधीपणावरचं सेशन फार हळुवारपणे घेतलं. बाळ काचेच्या पेटीत, मला हात लावायला मिळाला तो उशिरा, आणि मला सतत वाटायचं की पहिले दिवस गेले म्हणजे सगळंच गेलं. तर तसं नाही, कांगारू केअरची पद्धत १९७८ साली कोलंबियात बोगोटा शहरात कमी वजनाच्या बाळांसाठीच सुरू झाली, आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीवर बाळ ठेवायचं, आणि जवळीक एका दिवसात ठरत नाही, रोज रोज करत तयार होते. त्या आठवड्यापासून मी घरी पण बाळाला छातीवर घेऊन पडायला लागले, आधी दोघंही अवघडलेले, मग हळूहळू त्याचा श्वास माझ्या गळ्याला लागायला लागला आणि तो चालू आहे का बघायला वेगळं उठावंच लागलं नाही.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे प्रोग्रॅममध्ये डॉक्टर कोणीच नाही. माझी भीती अर्धी डोक्यातली होती हे मान्य, पण अर्धी खरी होती ना! प्रीएक्लॅम्प्सिया डिलिव्हरीनंतरही, अगदी सहा आठवड्यांपर्यंत होऊ शकतो, डोकं ठणकणं, डोळ्यांसमोर चमकणं, उजवीकडे बरगडीखाली दुखणं असं झालं तर श्वासाचा ऑडिओ लावून बसायचं नाही, बीपी मोजायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. आणि ज्यांना हा आजार झाला त्यांना पुढे आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतर बायकांच्या जवळपास दुप्पट असतो, म्हणून दरवर्षी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघत राहायला हवं. हे मला प्रोग्रॅममध्ये कोणी सांगितलं नाही, माझ्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि नवल म्हणजे ते ऐकून मी घाबरले नाही, उलट शांत झाले, कारण करण्यासारखं काहीतरी हातात आलं. महिन्यातून एक सेशन जरी डॉक्टरांचं ठेवलं तरी फार फरक पडेल. औषधांच्या बाबतीत मात्र काउन्सेलर मॅडम प्रामाणिक होत्या, गरज वाटली की सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायच्या. ग्रुपमधल्या एकीला सर्ट्रालिन हे डिप्रेशनवरचं औषध सुरू झालं, अंगावर पाजणाऱ्या आयांना ते बऱ्याचदा देतात, आणि औषध घेणं म्हणजे हरणं असं कोणी तिला वाटू दिलं नाही.

ही सर्व्हिस कोणासाठी नाही तेही सांगते. डिलिव्हरीनंतर काही दिवसांतच बाई अजिबात झोपेनाशी झाली, भलतंच बोलायला लागली, नसलेले आवाज ऐकू यायला लागले, बाळाबद्दल विचित्र समजुती धरून बसली तर ते पोस्टपार्टम सायकोसिस असू शकतं, हजार बाळंतपणांत एक दोन जणींना होतं, पण ती इमर्जन्सी आहे. तिला ऑनलाईन सेशन बुक करून देऊ नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या. उपचाराने बहुतेक बायका त्यातून पूर्ण बऱ्या होतात.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक त्या आईसाठी कापला, तो मी परत देणार नाही. आणि एक मागणी त्यांना लेखी पण पाठवली आहे, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या आसपास एक सेशन ठेवा, कारण सगळं घर आनंदात असतं आणि आईला तो दिवस आठवत असतो, आणि प्रोग्रॅम तर त्याच्या कितीतरी आधीच संपतो. दुसरं बाळ हवं की नको यावरही काहीच नाहीये, तेही हवं.

घ्यायचा विचार असेल तर पैसे भरण्याआधी फोन करून विचारा, काउन्सेलर बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारांवर शिकलेल्या आहेत का, दहाव्या प्रश्नाचं उत्तर वाईट आलं तर किती वेळात कोण फोन करतं, बाळ गमावलेल्या आयांचा ग्रुप वेगळा आहे का, जोडीदाराला किती सेशन आहेत, गरज पडली तर डॉक्टरांकडे कसं पाठवतात. आणि तुमच्या डिलिव्हरीचे केसपेपर हॉस्पिटलमधून आत्ताच मागून ठेवा, कुठलीही सर्व्हिस घ्या किंवा घेऊ नका, ते लागतील.